श्रुतींची मोजणी

मैफल सुरू होण्यापूर्वीचा घटकाभराचा काळ मोठा विलक्षण असतो. श्रोते स्थानापन्न होत असतात, तबलजी हातोडीने तबला ठोकीत असतो आणि तंबोरा मांडीवर घेतलेला शिष्य खुंटी पिळीत असतो. गवयी डोळे मिटून ऐकतो आणि ‘अंमळ उतरला आहे’ एवढेच म्हणतो. शिष्य तारेतील मणी केसभर सरकवितो आणि गवयाच्या मुद्रेवर समाधान उमटते. या सर्व व्यवहारात फूटपट्टी नाही, तागडी नाही, कागदपेन्सिल नाही. तरीही माप झाले, चूक सापडली, दुरुस्ती झाली आणि ती दुरुस्ती बरोबर आहे असा निवाडाही झाला.

हे माप कोणते? ते आकड्यात मांडता येईल काय? आणि आकड्यात मांडले, तर आकडा व कान यांचे वाकडे आल्यास कोणाचे खरे मानावयाचे? या तीन प्रश्नांचा पाठपुरावा विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीच्या एका पेन्शनर गृहस्थांनी केला. त्यांचे नाव कै. कृष्णाजी बल्लाळ देवल. डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले होते. सरकारी नोकरीतून मोकळे झाल्यावर देवलांनी तारेची लांबी मोजावयास घेतली.

ज्याने महसूल खात्यात आयुष्य घालविले त्याला हा छंद जडावा यात नवल नाही. जमिनीची मोजणी हा त्या खात्याचा आत्माच होय. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट औरस-चौरस जागा आणि एकर म्हणजे असे चाळीस गुंठे, हे हिशेब त्या खात्यातील प्रत्येकाच्या जिभेवर असत. तेहतीस फुटांची साखळी ओढून ओढून तिच्या कड्या झिजतात व ती लांबते. म्हणून मधूनमधून प्रमाण मापाशी ताडून पाहावी लागते, हेही त्या खात्यात सर्वांस ठाऊक असे. ज्या मापाने मापावयाचे त्याचेच माप आधी घ्यावे, हा मोजणीचा पहिला धडा होय. पुढील सर्व हकीकत समजण्यास हा धडा ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

त्या काळी सांगली-मिरजेचा परिसर नादाने भारलेला होता. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिले ते सांगलीतच. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविली आणि विष्णु दिगंबर पलुसकर यांनी तेथेच त्यांच्यापाशी तालीम घेतली. मिरजेतील सतारमेकरांच्या घराघरांत पंढरपूरकडील भोपळे वाळत घातलेले असत आणि त्यांतून तंबोरे व सतारी जन्म घेत. याच काळात एक परदेशी पाहुणी घरोघर शिरली, ती म्हणजे बाजाची पेटी. संगीत नाटकांत तिने मानाचे स्थान मिळविले, भजनांत ती आली, शाळांत आली. शिकण्यास सोपी, उचलण्यास हलकी, आणि तंबोऱ्याप्रमाणे तिला रोज जुळवावे लागत नाही. एवढे गुण असल्यावर लोकांना ती प्रिय झाली यात आश्चर्य काय?

परंतु जाणत्यांच्या कानास तिच्यात एक खोट जाणवे. ती खोट आकड्यांनी सहज दाखविता येते. संगीताच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत षड्जाची कंपने सेकंदास २४० धरण्याचा आणि तारेची लांबी ३६ इंच धरण्याचा परिपाठ आहे. त्याच आकड्यांनी पाहू. षड्ज २४० तर शुद्ध पंचम दीडपट म्हणजे ३६० आणि षड्जाशी पूर्ण मिळणारा गंधार सव्वापट म्हणजे ३००. विलायती पेटीत मात्र सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडलेले असतात. वाटेल त्या पट्टीस षड्ज करता यावा म्हणून ही सोय आहे. त्या सोयीची किंमत अशी की, पेटीचा पंचम ३५९.६ वर येतो आणि गंधार ३०२.४ वर जातो. पंचमाचा फरक नगण्य आहे. गंधाराचा नाही. पेटीवर षड्ज व गंधार एकदम दाबून धरले तर त्यांच्या उपस्वरांच्या टकरीने सेकंदास नऊ-दहा हेलकावे उठतात. पदार्थविज्ञानात त्यांस विस्पंद म्हणतात. तंबोऱ्याच्या शांत झंकारात स्वयंभू गंधार ऐकण्याची ज्याच्या कानास सवय आहे, त्याला ही थरथर खड्यासारखी लागते.

येथे एक मोठा प्रश्न पणास लागला होता. पाश्चात्त्य पंडितांपैकी कित्येकांचा असा समज होता की, हिंदी गवई गातात ते सुरास धरून नसते, आणि बावीस श्रुती ही केवळ पोथीतील कल्पना आहे. दुसरीकडे आपलेच शिक्षित लोक पेटीच्या पट्टीस प्रमाण मानू लागले होते. गवयाचा गंधार पेटीशी जुळला नाही तर ‘बुवा बेसूर झाले’ असे म्हणण्यापर्यंत काहींची मजल गेली. म्हणजे ज्याने शास्त्र जतन केले तो आरोपी आणि ज्या यंत्रात तडजोड केलेली तेच न्यायाधीश! हा उलटा न्याय दूर करावयाचा तर नुसत्या संतापाने भागण्यासारखे नव्हते. पुरावा हवा होता, आणि तो मोजलेला हवा होता.

देवलांचे साधन म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा स्वरमापक, म्हणजे सोनोमीटर. एक पोकळ लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली तार, तारेच्या टोकास वजन आणि खाली सरकती घोडी. तारेचा ताण न बदलता लांबी कमी केली तर कंपने त्याच प्रमाणात वाढतात, हा नियम. ३६ इंचांच्या तारेत षड्ज बोलत असेल, तर १८ इंचांवर तार षड्ज, २४ इंचांवर पंचम, २७ इंचांवर मध्यम व २८.८ इंचांवर ३०० कंपनांचा गंधार सापडतो. आता गवयाने तंबोऱ्यावर स्वर धरावा, दुसऱ्याने घोडी सरकवीत तो स्वर तारेवर गाठावा आणि मग पट्टीवरील इंच वाचावे. इतकी साधी ही रीत आहे. घरच्या ओसरीवर करता येण्याजोगी.

रीत साधी, पण काम साधे नव्हे. पंचमावरून पंचम घेत गंधारापर्यंत गेले तर तो ३०३.७५ कंपनांवर येतो. षड्जाशी थेट मिळविलेला गंधार मात्र ३०० वर असतो. या दोहोंमधील अंतर तारेवर इंचाच्या एकतृतीयांशाहून किंचित अधिक भरते. ऋषभाचीही अशीच दोन स्थाने पडतात, एक २७० वर आणि दुसरे २६६.७ वर, तारेवर ३२ इंच आणि ३२.४ इंच. धैवताची दोन स्थाने ४०५ आणि ४००. या जोड्यांतील अंतर प्रत्येक वेळी ८१ व ८० या आकड्यांच्या प्रमाणात पडते. ज्या श्रुतिभेदावर शतकानुशतके वाद झाले तो भेद असा बोटाच्या पेराहूनही लहान जागेत मावतो. घोडी किंचित उंच असली तर ती तारेस वर ढकलते आणि ताण वाढतो. दुपारी ऊन चढले की तार सैलावते. मोजणारा मनात ‘येथे ३०० येणार’ असे धरून बसला असेल तर त्याचा हात नकळत त्या खुणेकडे झुकतो. ही शेवटची चूक सर्वांत घातक आहे, कारण ती तारेत नसून माणसात असते.

या कामी देवलांस दोन थोर साहाय्यक लाभले. पहिले साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स. हे सिव्हिल सर्व्हिसमधील इंग्रज गृहस्थ होते. पण आपले संगीत चुकीचे आहे असा पूर्वग्रह घेऊन न बसता, साक्षीपुरावा तपासण्याची न्यायासनावरील सवय त्यांनी नादाच्या प्रांतातही पाळली. दुसरे साहाय्यक म्हणजे किराना घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. १८७२ साली जन्मलेले हे गायक स्वराच्या सत्यतेविषयी इतके दक्ष होते की, त्यांचा षड्ज लागला म्हणजे तंबोरा व गळा यांतील सांधा ऐकू येत नसे. अशा गळ्याची साक्ष मिळाल्यावर तारेवरील मापनास अर्थ आला. निवृत्त अंमलदार, गोरा न्यायाधीश आणि मुसलमान गवयी एका तारेभोवती जमतात, हे दृश्य त्या काळच्या समाजस्थितीचा विचार केल्यास फार बोलके आहे. तिघांनाही तेथे एकच अधिकारी मान्य होता, आणि तो म्हणजे स्वर.

१९१० साली देवलांनी आपले निष्कर्ष पुण्याहून इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केले. हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती हा त्याचा विषय. क्लेमेंट्स यांचा ग्रंथ १९१३ साली लंडनहून निघाला. पुढच्याच वर्षी फॉक्स स्ट्रँगवेज यांचा हिंदुस्थानच्या संगीतावरील विख्यात ग्रंथ ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. एकंदरीत त्या चार-पाच वर्षांत आपल्या स्वरांची चर्चा विलायतेच्या विद्वन्मंडळात गंभीरपणे होऊ लागली.

या प्रयत्नाचा मूळ धागा फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा अगदी सारख्या लावाव्या. एक तशीच ठेवावी आणि दुसरीचे स्वर क्रमाक्रमाने एकेका श्रुतीने उतरवावे. दुसऱ्या वेळी उतरविलेल्या वीणेचे गंधार व निषाद स्थिर वीणेच्या ऋषभ-धैवतांशी मिळतात, तिसऱ्या वेळी ऋषभ व धैवत षड्ज-पंचमांशी मिळतात आणि चौथ्या वेळी षड्ज, मध्यम व पंचम हे निषाद, गंधार व मध्यमांशी मिळतात. अशा रीतीने चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन मिळून बावीस श्रुती सिद्ध होतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात हाच प्रयोग विस्ताराने मांडिला. सतराव्या शतकात अहोबल पंडिताने ‘संगीतपारिजात’ या ग्रंथात तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगितली. म्हणजे सांगलीची तार काही आकाशातून पडलेली नव्हती. भरताने मात्र एकही आकडा दिला नाही; त्याची कसोटी ‘मिळाले की नाही’ एवढीच होती. देवलांनी त्या मिळण्यास इंच आणि कंपने यांची भाषा दिली. त्यांच्यापूर्वी १८६३ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी स्वरसंवादाचे गणित मांडिले होते, आणि १८८५ साली इंग्लंडातील अलेक्झांडर एलिस यांनी नाना देशांची वाद्ये मोजून असे सांगितले होते की, निसर्गाने घालून दिलेले एकच एक सप्तक जगात कोठे नाही. माणसांनी आपापल्या परीने सप्तके घडविली आहेत. एलिसचे हे वचन पुढे सांगलीच्या निष्कर्षांसही लागू पडणार होते.

मापनाचे फळ म्हणून क्लेमेंट्स यांनी श्रुतींची पेटी इंग्लंडमध्ये तयार करविली. एका सप्तकात बारांऐवजी बावीस श्रुती वाजाव्या अशी तिची योजना. हेतू असा की, पेटी लोकप्रिय झालीच आहे तर तिला हाकलून न देता तिची खोट काढून टाकावी. ही बुद्धी विधायक होती यात संशय नाही. परंतु कोणतेही यंत्र करणाऱ्याच्या घरी बरोबर चालले म्हणून सिद्ध होत नाही. ते वापरणाऱ्यांच्या हाती पडावे लागते.

तो प्रसंग १९१६ सालच्या मार्च महिन्यात बडोद्यास आला. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. देशोदेशीचे उस्ताद, संस्थानी गवयी, बीनकार आणि पंडित जमले. तेथे क्लेमेंट्स व देवल यांचा श्रुतिसिद्धांत आणि त्यांची पेटी यांची चर्चा झाली. परीक्षकांच्या आसनावर विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. ज्यांनी हयात रियाजात घालविली असे लोक होते. त्यांनी ती पेटी मान्य केली नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीही हा मार्ग स्वीकारिला नाही. विद्यार्थ्यांस शिकविण्यास बारा स्वर पुरेसे आहेत आणि सूक्ष्म भेद गुरुमुखाने रागातच शिकावे, असा त्यांचा व्यवहारी कौल होता.

हा देवलांचा पराभव होता काय? वरवर पाहता होता. पण बारकाईने विचार केला तर त्या नकारात फार मोलाची माहिती दडलेली आहे. पेटीची पट्टी दाबली की स्वर खुंटा रोवल्याप्रमाणे एका जागी उभा राहतो. गळ्यातील स्वर तसा उभा राहत नाही. दरबारीचा गंधार आंदोलत येतो. तो २८४ वर आहे की २८८ वर आहे असे विचारणे म्हणजे झोपाळ्यावरील मुलाचा पत्ता विचारण्यासारखे आहे. तोडीचा ऋषभ आणि भैरवाचा ऋषभ यांस एक नाव असले तरी चाल निराळी असते. शिवाय एक घराणे जेथे स्वर ठेविते तेथेच दुसरे ठेवील असा नेम नाही. पेटी दुरुस्त झाली होती. पण गाणे नेमके कोठे राहते याची तपासणी अपुरी होती. ती उणीव दाखविण्याचे काम बडोद्याच्या उस्तादांनी केले. त्यांचा नकार कित्येकांस हट्ट वाटला असेल. परीक्षणाच्या दृष्टीने तो उत्तम अभिप्राय होता.

पुढील इतिहासाने दोन्ही पक्षांस थोडे थोडे बरोबर ठरविले. पेटीतील खोट खरी होती. इतकी की १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीची साथच बंद केली, आणि ती बंदी सैल व्हावयास पुढील तीन दशके उलटावी लागली. सातारा-सांगलीच्या मंडळींनी पेटी सुधारण्याचा जो उपाय सुचविला होता त्याऐवजी तिला दाराबाहेर काढण्याचा उपाय योजिला गेला. पण बाहेर काढल्याने ती थोडीच थांबणार! देवळात, शाळेत आणि भजनात ती वाजतच राहिली. दुसरीकडे १९६३ साली जयराजभॉय व स्टोन या संशोधकांनी विद्युत् यंत्रांच्या साहाय्याने आपल्या कलावंतांचे स्वर मोजले, तेव्हा एकाच स्वराचे स्थान कलावंतागणिक बदलते असे आढळले. १९८२ साली मार्क लेव्ही यांच्या अभ्यासानेही बावीस ठराविक स्थानांस पुष्टी दिली नाही. तरीही शोध थांबला नाही. मुंबईचे डॉ. विद्याधर ओक यांनी एकविसाव्या शतकात बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न अद्याप जिवंत आहे याचे याहून निराळे प्रमाण नको.

आज तर हा प्रश्न विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊन बसला आहे. सांगली-साताऱ्याच्या कोणत्याही घरात एक संगणक, एक मध्यम प्रतीचा मायक्रोफोन आणि स्वर मोजणारी संगणकप्रणाली असली की देवलांची प्रयोगशाळा उभी राहते. अशी प्रणाली करणारे लोक ती पुरी होण्याआधी चाचणीची आवृत्ती म्हणून निवडक वापरणाऱ्यांकडे पाठवितात आणि म्हणतात, ‘वापरा, आणि कोठे चुकते ते कळवा.’ बडोद्याची परिषद व ही चाचणी यांत तत्त्वतः अंतर नाही. मात्र अशी चाचणी करणाऱ्याने देवलांच्या तारेपासून चार गोष्टी शिकाव्या.

पहिली गोष्ट साखळीची. मोजण्यापूर्वी माप तपासावे. ज्याची कंपने ठाऊक आहेत असा स्वरकाटा वाजवून यंत्र काय दाखविते ते पाहावे. संगणक एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० नमुने घेतो, किंवा तशी योजना केल्यास ४८,००० घेतो. नमुने एका दराने घेतले आणि मोजणी दुसऱ्या दराने झाली तर २४० चा षड्ज २६१ वर दिसेल. गंमत अशी की, गंधारही त्याच प्रमाणात वर सरकेल आणि दोहोंमधील सव्वापटीचे नाते जसेच्या तसे राहील. सारखी लांबलेली साखळी शेताचा आकार बरोबर देते, क्षेत्रफळ मात्र चुकविते. तसेच हे आहे. नाते बरोबर आले म्हणून आकडाही बरोबर असे समजू नये.

दुसरी गोष्ट धीराची. ४,०९६ नमुन्यांचा एक तुकडा म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्साही नव्हे. तेवढ्या तुकड्यावरून वर्णपट काढला तर त्यातील खुणा सुमारे पावणेअकरा कंपनांच्या अंतराने पडतात. ३०० व ३०३.७५ हे दोन गंधार अशा जाळीतून एकाच घरात पडणार! ते निरनिराळे दिसावयाचे तर स्वर निदान पाव सेकंदाहून अधिक काळ स्थिर हवा. याहून बारीक गणित करण्याच्या युक्त्या आहेत. पण तान मोजावयाची तर आकड्यांविषयी नम्रता बाळगावी हे खरे. पडद्यावर दशांशानंतर तीन स्थळे उमटली म्हणजे तेवढी अचूकता आली असे होत नाही.

तिसरी गोष्ट परिसराची. मायक्रोफोनास श्रोत्याचे मन नसते. गवयाचा आवाज आणि तंबोऱ्याचा झंकार, भिंतीवरून परतलेला नाद, पंख्याची घरघर, विजेच्या तारांतील ५० कंपनांचा गुणगुणाट या सर्वांस तो समान लेखतो. पुष्कळदा यंत्र तंबोऱ्याचाच षड्ज गायकाच्या नावावर लिहिते, किंवा मंद्र स्वरास मध्य सप्तकात टाकते. म्हणून आधी रिकाम्या खोलीचा आवाज टिपून ठेवावा, मायक्रोफोन गायकाजवळ आणि तंबोऱ्यापासून दूर ठेवावा, व एकच स्वर दोन-तीन वेळा निरनिराळ्या दिवशी मोजावा.

चौथी गोष्ट प्रामाणिकपणाची, आणि ती सर्वांत कठीण आहे. काय गाइले हे ज्याला ठाऊक नाही अशा दुसऱ्या कोणी आकडे वाचावे, म्हणजे मनातील अपेक्षा आकड्यात शिरत नाही. चूक आढळली तर ‘यंत्र बिघडले आहे’ एवढे लिहून भागत नाही. कोणते साधन होते, काय गाइले, काय दिसावयास हवे होते, काय दिसले आणि पुन्हा केल्यास तेच दिसते काय, या पाच प्रश्नांची उत्तरे द्यावी. अशी तक्रार शंभर स्तुतिपत्रांहून उपयोगी पडते. आणि यंत्राचे बरोबर आले तर तेही तितक्याच निःसंकोचपणे मान्य करावे, मग आपल्या आवडत्या गवयाचा स्वर उतरलेला का निघेना.

राहता राहिला शेवटचा प्रश्न: आकडा व कान यांचे वाकडे आले तर खरे कोणाचे? सांगलीच्या ओसरीवरही तार गळ्याशी मिळाली हे ठरविले शेवटी कानानेच. संगणकही आपला निकाल कोणा जाणत्याच्या कानाशी ताडून पाहिल्याशिवाय विश्वासार्ह ठरत नाही. पण यावरून आकडा निरुपयोगी ठरत नाही. पेटीवरून गवयास बेसूर ठरविणाऱ्या लोकांस ३०० आणि ३०२.४ या दोन आकड्यांनीच निरुत्तर केले. कान निवाडा देतो; आकडा तो निवाडा दुसऱ्या गावी, दुसऱ्या पिढीकडे पोहोचवितो. देवलांच्या काळी तो पोहोचविण्याची तळमळ होती, कारण गळ्यात राहिलेली विद्या गळ्याबरोबरच जाते हे त्यांस दिसत होते.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली मद्रासेकडील प्रवासात वारले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची समाधी झाली. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गवयी तेथे हजेरी लावतात. दर्ग्यापासून जवळच सतारमेकरांची दुकाने आहेत. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या दुकानांतून आज स्वर दाखविणारे यंत्र कारागिराच्या खिशातल्या फोनातही असते. तो तार लावतो, यंत्राकडे पाहतो, काटा मध्यावर आल्याची खात्री करितो. मग फोन बाजूस ठेवतो, घोडीवरील सुताचा धागा तारेखाली किंचित मागेपुढे करितो आणि जवारी उघडेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहतो.